मराठवाड्यातून त्र्यंबकला शिकायला आणि कड्यावर चढायला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की परभणी, जालना, बीड, नांदेडकडून मला तेच ते प्रश्न येतात. निम्मे ॲडमिशनचे, निम्मे दोराचे. रात्री अकरानंतर येतात ते बहुतेक आईवडिलांचे. मी सेलूजवळच्या एका खेड्यातली. त्र्यंबक रस्त्यावर शिकायला आले, दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा हार्नेस (दोर बांधायचा कंबर-मांड्यांचा पट्टा) घातला आणि अजून इथंच आहे. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. एका ठिकाणी आलेलं दुसरीकडं पुन्हा सांगितलेलं नाही, तिथं प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. हे त्र्यंबक नेमकं कुठं आहे? आणि आपल्याकडची पोरं तिथंच कशाला जातात?

नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याला. गाव तसं छोटं, पण नाशिकहून तिकडं जाणाऱ्या रस्त्यावर महिरावणी, तळेगाव, अंजनेरी अशी कॉलेजांची पट्टीच आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंट असं बरंच काही या एका रस्त्यावर मिळतं. पुण्याच्या मानानं राहणं परवडतं आणि घरी जायला थेट रेल्वे आहे (प्रश्न २). वर्गाच्या खिडकीतून अंजनेरीचा कडा दिसतो, हे प्रॉस्पेक्टसमध्ये कुणी लिहीत नाही, पण कित्येक जण शेवटी त्याच्यासाठीच टिकतात.

आईला सांगायचं झालं तर निवृत्तीनाथांचं उदाहरण द्या. मूळ घराणं पैठण तालुक्यातल्या आपेगावचं, म्हणजे आपल्याकडचं. त्यांना गुरू भेटले ते इथं, ब्रह्मगिरीच्या गुहेत, अशी परंपरा आहे. मराठवाड्यातून त्र्यंबकला शिकायला आलेला पहिला मुलगा तोच म्हणायचा.

२. परभणी-नांदेडकडून यायचं कसं?

नांदेड, परभणी, सेलू, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातल्यांना रेल्वे बरी. दिवसा तपोवन, रात्री देवगिरी किंवा नंदिग्राम. नाशिकरोडला उतरायचं. तिथून त्र्यंबक पस्तीस-चाळीस किलोमीटर. आधी शहरात सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानक) या, मग एसटी किंवा सिटीलिंकची शहर बस. लातूर, धाराशिव, बीडवाल्यांनी रेल्वेच्या मागं न लागता सरळ बस धरावी. मुलींना एसटीत निम्मं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून.

दिवसाची गाडी धरली तर नगरसोल सुटल्यावर झोपू नका. अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसतात आणि मनमाडजवळ आकाशात अंगठा वर केल्यासारखा एक सुळका. ती हडबीची शेंडी. तिच्याबद्दल प्रश्न १३ मध्ये.

३. खोली आधी बघू की आल्यावर? कुंभमेळ्यामुळं भाडी वाढली म्हणतात.

खरं आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण २०२६ च्या ऑक्टोबरअखेरीस आणि मुख्य पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्र्यंबक गावात खोली घेणार असाल तर भाडेकराराची मुदत बघून घ्या. अकरा महिन्यांचा करार नेमका पर्वणीच्या तोंडावर संपत असेल तर मालक काय करेल ते तुम्हीच ओळखा. कॉलेजचं हॉस्टेल मिळत असेल तर पहिलं वर्ष तिथंच काढा. नाहीतर गावाऐवजी अंजनेरी-महिरावणीकडं बघा.

कुंभ नसतानाही वर्षातून दोनदा बस मिळत नाही. तिसऱ्या श्रावण सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते आणि पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांची यात्रा. त्या दिवशी परीक्षा असली तर आदल्या रात्री कॉलेजजवळच्या मित्राकडं मुक्काम करा.

४. कागदपत्रं कोणती लागतात? मायग्रेशन लागतं का?

बारावी राज्य मंडळातून झाली असेल तर टीसी, गुणपत्रिका, अधिवास, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला ही नेहमीची यादी. इथली बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्यामुळं पदवी छत्रपती संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या विद्यापीठातून करून पुढच्या शिक्षणाला येणाऱ्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. निकाल लागला की लगेच अर्ज करा. ऑगस्टमध्ये त्या एका कागदासाठी नांदेडची खेप घालणारे दर वर्षी भेटतात.

५. शिष्यवृत्तीचं काय?

बहुतेक महाडीबीटी पोर्टलवरून, स्वाधार आणि स्वयम् चे अर्ज तेवढे वेगळ्या पोर्टलवर. फीसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, अनुसूचित जमातीला स्वयम्. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मात्र कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीतून, आलात तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही, हे फॉर्म भरताना कुणी सांगत नाही. आणि आधारला जोडलेलं बँक खातं चालू आहे का, ते घर सोडायच्या आधी तपासा.

६. पाऊस खरंच इतका पडतो का?

आपल्याकडं वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातही खंड. त्र्यंबकला दोन हजारांच्या वर, शेजारच्या इगतपुरीला तीन हजारांच्या घरात. पहिल्या आठवड्यात मजा वाटते. तिसऱ्या आठवड्यात पँटी वाळत नाहीत, पुस्तकाला बुरशी येते, आणि दुष्काळात वाढलेलं माणूस पहिल्यांदाच पावसाला शिव्या देतं. रबरी चप्पल, दोन टॉवेल, प्लॅस्टिकचा डबा आणि चांगला रेनकोट आणा. छत्रीचा उपयोग नाही, वारा उलटी करतो. थंडीत जाड पांघरूण लागतं.

७. जेवणाचं?

मेसमध्ये भात जास्त आणि भाजी आपल्या जिभेला गोडसर. भाकर मिळते ती नागलीची नाहीतर तांदळाची. ज्वारीसाठी नाशिकला जावं लागतं. नागलीची भाकर, खुरासणीची चटणी दोनदा खाऊन बघा, मग आवडते. घरून शेंगदाण्याची चटणी आणि येसर आणा. येसर गरम पाण्यात कालवला की आमटी होते, कड्याखालच्या मुक्कामाला यापेक्षा सोपं काही नाही.

८. ट्रेकिंग आणि प्रस्तरारोहण एकच का? मी हरिहर चढलोय, म्हणजे मला येतं का?

नाही. ट्रेकमध्ये पाय चुकला तर गुडघा फुटतो. प्रस्तरारोहणात उभ्या कातळावर हातापायाच्या पकडीनं चढायचं असतं आणि चुकल्यावर तुम्हाला धरणारी एकच गोष्ट असते, खालच्या साथीदाराच्या हातातला दोर. तो सांभाळण्याला बिले म्हणतात. पहिला चढणारा लीड, तो दोर पुढं नेत ठिकठिकाणी अडकवत जातो. मागून येणाऱ्याला वरून दोर असतो, म्हणून नवख्यानं कायम मागूनच चढायचं.

हरिहरच्या पायऱ्या ऐंशी अंशांत कोरलेल्या आहेत, छाती दडपते हे खरं, पण प्रत्येक पायरीला हात घालायला खोबण्या आहेत. तो जिना आहे. त्याच गडाचा निरगुडपाड्याकडचा कडा म्हणजे स्कॉटिश कडा, ते आरोहण. नोव्हेंबर १९८६ मध्ये डग स्कॉट यांनी तो पहिल्यांदा चढला, दोन दिवस लागले. एव्हरेस्टची नैर्ऋत्य भिंत १९७५ मध्ये चढलेला माणूस तो. नाव ऐकून लोक त्यांना स्कॉटलंडचे समजतात. माणूस इंग्लंडच्या नॉटिंगहॅमचा, आडनाव तेवढं स्कॉट.

९. जूनमध्ये ॲडमिशन झाली की लगेच चढायला सुरुवात करता येईल का?

नाही, आणि हे माझ्या दृष्टीनं इथलं सगळ्यात चांगलं वेळापत्रक आहे. जून ते सप्टेंबर कातळाला शेवाळ, वरून दगड सुटतात. काही ठिकाणी पावसाळ्यात जायलाच बंदीचे आदेश निघतात. ऑक्टोबरमध्ये कडा वाळायला लागतो, पण गवत छातीएवढं असतं. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर सकाळी नऊपर्यंतच, मग काळा दगड तव्यासारखा तापतो.

म्हणजे सुरुवातीचे चार महिने तुमच्याकडं दुसरं काही करायला नसतं. त्या काळात गाठी शिका. आठाची गाठ डोळे मिटून, ओल्या दोरावर, मागं हात नेऊन यायला हवी. पुलअप्स काढा, क्लबच्या बैठकांना नुसते जाऊन बसा. कोण किती बोलतो आणि कोण मुकाट्यानं सगळ्यांचे हार्नेस तपासतो, ते तिथं कळतं. दोर कुणाच्या हातात द्यायचा ते यावरून ठरवा.

१०. शिकायचं कुठं? सर्टिफिकेट लागतं का?

स्वतःच्या समाधानासाठी चढायचं तर कायद्यानं सर्टिफिकेट लागत नाही. पण पैसे घेऊन दुसऱ्यांना नेणाऱ्यांसाठी राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यात पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लागते. रविवारी रॅपलिंगला (दोरावरून कडा उतरायला) नेणारा कुणीही भेटला तर नोंदणी विचारा. चिडला तर उत्तर मिळालं.

नाशिक, पुणे, मुंबईच्या जुन्या गिर्यारोहण संस्था हिवाळ्यात प्रस्तरारोहणाची प्राथमिक शिबिरं घेतात. पहिलं शिबिर तिथं करा. पुढं जायचं असेल तर दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) किंवा उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (१९६५). त्यांचा बेसिक कोर्स जवळपास चार आठवड्यांचा असतो आणि जागा खूप आधी भरतात. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत जायचं तर पहिल्या वर्षीच अर्ज टाका.

११. सामान विकत घेऊ का? ऑनलाईन स्वस्तात मिळतंय.

पहिल्या वर्षी काहीच घेऊ नका, हेल्मेट सोडून. हेल्मेट स्वतःचं हवं, आपल्या डोक्याच्या मापाचं. मोटरसायकलचं चालत नाही आणि क्रिकेटचंही नाही (विचारलेलं आहे). नंतर शूज, मग हार्नेस.

कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) घेताना त्याच्या अंगावर कोरलेलं वाचा. लांबीच्या दिशेनं किमान वीस किलोन्यूटन, तोंड उघडं असताना साधारण सात. म्हणजे तोंड उघडं राहिलं तर ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. स्क्रू फिरवून बंद केलाय का, हे दहा वेळा का विचारतात ते यावरून कळेल. सीई किंवा यूआयएए अशी सुरक्षा मानकाची खूण नसलेलं, किल्ल्या अडकवायचं कॅराबिनर माझ्याकडं दप्तराला लावलेलं आहे. तेवढीच त्याची लायकी.

१२. दोर चांगला आहे हे कसं ओळखायचं?

आधी कोणता दोर ते बघा. लीड चढाईला डायनॅमिक लागतो, तो ताणला जातो आणि पडणाऱ्याचा झटका पितो. स्टॅटिक ताणत नाही. उतरायला, सामान ओढायला ठीक, पण लीडला वापरला तर झटका सगळा कंबरेला बसतो. आणि न वापरलेला, कपाटातला दोरसुद्धा दहा वर्षांनंतर बाद करतात.

बाकी तपासणी मी वडिलांकडून शिकले. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत क्लबचा जुना दोर धुवायला म्हणून गावी नेला होता, इथं तो वाळला नसता. अण्णा ओसरीवर बसून बघत होते. आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायला माणूस दोरानं खाली सोडतात, आणि तो दोर ते स्वतः तपासल्याशिवाय कुणाला उतरू देत नाहीत. त्यांनी काही न विचारता दोराचं टोक हातात घेतलं, डोळे मिटले आणि अंगठा नि दोन बोटांतून हळूहळू दोर सोडायला लागले. वीतभर, वीतभर. मधे चहा आला, तो निवला. चाळीसेक मीटर झाल्यावर थांबले. "इथं मऊ लागायलंय बघ."

वरून काही दिसत नव्हतं. मी तिथं दोर दुमडला तर गोल कडं व्हायच्या ऐवजी तो कागदासारखा चपटा मोडला. वरचं आवरण शाबूत आणि आतला गाभा तुटलेला. आदल्या रविवारी आम्ही चौघं त्याच्यावर लटकलो होतो.

तेव्हापासून मोहिमेच्या आधी आणि नंतर दोर असाच बोटांतून काढते. मऊ जागा, कडक जागा, चपटा मोड, आवरणावर वितळल्यासारखी चकाकी, यातलं काहीही आढळलं की दोर बाद. बाद दोर तिथंच कापून टाका, नाहीतर कुणीतरी "अजून चालतोय की" म्हणत पिशवीत भरतो. बॅटरीच्या ॲसिडपासून लांब ठेवा. गाडीच्या डिकीत तर अजिबात नको.

१३. जवळपास कुठं कुठं चढतात?

नवख्यांसाठी क्लब ज्या छोट्या भिंतींवर सराव घेतात त्या त्यांच्याबरोबरच बघा, मी जागा लिहून देत नाही. लिहिलं की दुसऱ्या रविवारी कुणीतरी एकटा जातो.

पाहायला, पायी फिरायला ब्रह्मगिरी, दुर्गभांडार, अंजनेरी, हरिहर, भास्करगड. घोटीमार्गे आंबेवाडीला गेलात की अलंग-मदन-कुलंग. कुलंगला नुसती दमछाक आहे, अलंग आणि मदनला मधल्या पायऱ्या तुटलेल्या असल्यानं दोर लावावाच लागतो. दोर असलेला पहिला मोठा ट्रेक म्हणून अनेकांची सुरुवात इथूनच होते. रतनगडाच्या बाजूचा बाण सुळका हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं स्वप्न असू द्या.

हडबीची शेंडी दिसायला सोपी, शंभर-सव्वाशे फुटांची, रेल्वेतून दिसते म्हणून आपल्या पोरांना ती घरची वाटते. या सुळक्यावर उतरताना अपघात झालेले आहेत. चढून झालं, फोटो झाले, माणूस सैल पडतो आणि रॅपलिंगच्या वेळी एक अडकवणी राहते. उतरताना प्रत्येकाची तपासणी दुसऱ्यानं करायची.

१४. इथला दगड कसा आहे?

तुमच्या विहिरीतला. गंमत नाही. मराठवाडा आणि सह्याद्री दोन्ही त्याच लाव्ह्याच्या थरांचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. आपल्याकडं विहीर खणताना जे एकाखाली एक लागतं ते इथं एकावर एक उभं दिसतं. पाषाण लागला की विहीर खणणारे सुरुंग मागवतात. कड्यावर तो भरवशाचा, बारीक कडा असलेला कठीण दगड. मांजऱ्या लागला की पहारीनं निघतो. कड्यावर त्याला पकडू नका, पांढऱ्या ठिपक्यांचा तो दगड हातात येतो. आणि दोन थरांमधली लाल गेरूची पट्टी सगळ्यात मऊ. ती झिजून तिथं कपारी होतात, बसायला छान, पण मेख ठोकायला नाही.

पकड धरायच्या आधी मुठीनं ठोकून बघा. टणक आवाज आला तर बरं. पोकळ आला तर दुसरी शोधा. अण्णांना मी फोटो पाठवते तेव्हा ते कडा बघत नाहीत, थर मोजतात.

१५. कड्यावर आधीच ठोकलेल्या मेखा दिसतात. त्यांनाच अडकवलं तर चालेल का?

चढताना हात धरायला नको, दोर अडकवायला तर त्याहून नको, जोपर्यंत ती कुणी आणि केव्हा ठोकली हे माहीत नाही. दोन हजार मिलीमीटर पावसात लोखंड आतून गंजतं. वरून डोकं ठणठणीत दिसतं, दांडा सुरीएवढा उरलेला असतो. गेल्या काही वर्षांत बऱ्याच सुळक्यांवर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवले गेलेत, ते वेगळे. तरीही एकाच बोल्टवर कधी लटकायचं नाही, किमान दोन. खात्री नसेल तर परत फिरा. सुळका तिथंच असतो, पुढच्या रविवारीही.

१६. परवानगी लागते का?

बरेचसे डोंगर वनखात्याचे. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, नाक्यावर नोंद करून जायचं. तिच्या नावानंच ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात पावसाळ्याच्या शेवटी तिथल्या पठारावर फुलते. आकाराला बोटाएवढी, पाय कुठं टाकतोय ते बघा.

दुसरी अडचण गिधाडांची. लांब चोचीची गिधाडं या बाजूच्या कड्यांच्या कपारींत घरटी करतात, हिवाळ्यात अंडी घालतात आणि पिल्लू उन्हाळ्यापर्यंत कपारीत असतं. म्हणजे नेमका आपला हंगाम. कातळावर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले की ती भिंत सोडा. आपल्याकडं गिधाड दिसेनासं होऊन एक पिढी गेली, इथं उरलंय ते आपण उठवू नये.

लेण्यांवर आणि संरक्षित स्मारकांवर चढाई नाही म्हणजे नाही.

१७. मधमाश्यांची फार भीती वाटते.

वाटायलाच हवी. आग्या मोहोळ उभ्या कड्यालाच लागतं. सेंट, डिओ, उग्र वासाचं तेल लावून यायचं नाही, कड्याखाली बिडी-सिगारेट नाही, शेकोटी नाही, आरडाओरडा नाही. माश्या उठल्या तर झटकत बसू नका, तोंड झाका आणि लांब पळा. दोरावर असाल तर पळता येत नाही, म्हणून चढायच्या आधी दुर्बिणीनं किंवा मोबाइलच्या झूमनं अख्खी भिंत बघायची.

१८. ताई, मी मुलगी आहे. ग्रुपमध्ये सगळे मुलगे असतील तर?

मी पहिल्या शिबिरात बारा जणांत एकटी होते. प्रशिक्षक म्हणून किमान एक बाई असलेलं शिबिर निवडा, हल्ली मिळतं. हार्नेस स्वतःचा स्वतः घालायला शिका, मग तपासणीला फक्त बकलकडं बघावं लागतं, हात लावावा लागत नाही. मुक्कामाची जागा, परतीची वेळ आधी लेखी घ्या. पाळीत चढायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, कड्याला काही फरक पडत नाही. ताकदीचं म्हणाल तर मुलगे सुरुवातीला नुसत्या दंडांनी ओढतात आणि वीस फुटांवर हात फुगवून बसतात. मुली पाय वापरतात. आमच्या शिबिरात तरी असंच झालं.

१९. घरी सांगितलेलं नाही. "ट्रेकला जातो" एवढंच सांगतो. चालेल का?

मीही आधी हेच सांगत होते. मग प्रश्न १२ मधला दोर झाला. मऊ जागा सापडल्यावर अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "विहिरीत उतरताना वरच्या माणसाला सांगून उतरतेत. तू कुणाला सांगून चढायलीस?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता दर वेळी जायच्या आधी तीन गोष्टी घरी कळवते : कुठला डोंगर, बरोबर कोण आणि त्यांचा नंबर, उतरल्याचा फोन किती वाजेपर्यंत. आई पहिले सहा महिने त्या वेळेपर्यंत देवापुढं बसायची. आता टीव्ही बघते. सांगितल्यावर घरच्यांनी अडवलं तर एकदा शिबिराला बोलवा, दिवसभर खाली बसू द्या. त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाचं निमित्त आहेच.

२०. उंचीची भीती वाटते, चष्मा आहे, वजन जास्त आहे. जमेल का?

भीती वाटणारे बरे, ते गाठ दोनदा बघतात. चष्म्याला मागून दोरी बांधा. वजनानं फरक पडतो, पण बिले देणाऱ्याला जास्त. तुमच्यापेक्षा फार हलका माणूस खाली असेल तर त्याला जमिनीशी बांधून घ्यायचं. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि प्रशिक्षकापासून लपवू तर अजिबात नका.

२१. हजेरी आणि परीक्षेचं कसं जमवता?

रविवार. पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते आणि गिर्यारोहणाला सूट मिळत नाही. पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी चांगल्या हंगामात येते, त्याला इलाज नाही. विषय राहिला की घरचे पहिला दोष दोराला देतात, म्हणून चढणाऱ्यांनी तरी विषय राहू देऊ नये.

२२. अपघात झालाच तर?

११२ किंवा १०८, आणि त्याच वेळी तुमच्या क्लबला. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांची बचाव समन्वयाची यंत्रणा आहे, क्लबकडं तो नंबर असतो. तो निघायच्या आधी फोनमध्ये घ्या, कड्याखाली रेंज मिळेलच असं नाही. दोराला बेशुद्ध लटकलेल्या माणसाला लवकरात लवकर खाली घ्यायचं, हार्नेसमध्ये नुसतं लटकून राहणंही जिवावर बेततं. गावकऱ्यांना हाक मारा. महादेव कोळी, ठाकर वस्तीतल्या माणसांना त्या डोंगराची प्रत्येक घळ माहीत असते.

विमा असेल तर अटी वाचा. अपघात विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात.

२३. इथली मुलं "तुम्ही आमचं पाणी पळवता" म्हणून चिडवतात, काय बोलू?

गंगापूर-दारणातून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की मेसमध्ये हा विषय निघतोच. २००५ च्या कायद्यातलं समन्यायी वाटप वगैरे सांगत बसू नका, डाळ थंड होते. मी म्हणायचे, गोदावरी इथं उगवते आणि आमच्याकडं मोठी होते, जशी आमची पोरं आमच्याकडं उगवतात आणि इथं मोठी होतात. हिशेब मिटला.

२४. सुट्टीत गावी आल्यावर सराव कुठं करू?

देवगिरीच्या तासलेल्या कड्याकडं बघून हात शिवशिवतात, पण ते संरक्षित स्मारक, प्रश्न १६ बघा. गौताळ्याच्या बाजूला अंतूरसारखे किल्ले पायी फिरायला उत्तम, अभयारण्य आहे म्हणून वनखात्याला विचारून. नांदेडकडचे नशीबवान. देगलूर-बिलोलीच्या बाजूला काळा पाषाण संपून ग्रॅनाइट सुरू होतो, माणसाएवढ्या गोल शिळा माळावर पडलेल्या असतात. हंपीला जगभरची मुलं याच जातीच्या दगडावर चढायला येतात. ग्रॅनाइट खरखरीत, पकडी कमी, बुटाचं घर्षण जास्त. मालकाला विचारून, खाली जाड गादी टाकून, उडी मारता येईल एवढ्याच उंचीपर्यंत. बाकी दारावरच्या पट्टीला लटकून बोटं तयार ठेवा.

आणि गावातल्या पडक्या विहिरीत रॅपलिंगचा सराव करू का, असं आतापर्यंत तिघांनी विचारलंय. नको. वरची कड भुसभुशीत असते, दोर बांधायला धड खांब नसतो, आणि बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी हवा कोंडलेली असते. उतरलेला माणूस हाकही न मारता बेशुद्ध पडतो, काढायला गेलेला दुसराही. अण्णा चाळीस वर्षं विहिरी उपसतायत, आणि अजून कुणाला खाली सोडायच्या आधी पेटता कंदील सोडतात. तो खाली जळत राहिला तरी पाच मिनिटं नुसते बघत बसतात.